साळिंदराच्या पिल्लाचं रडणं

लहान मुलांच्या एका कार्टूनमध्ये साळिंदराचं पिल्लू आहे. त्याची आई बिळातून बाहेर येत नाही आणि पिल्लू बिळाच्या तोंडाशी उभं राहून रडतं. कार्टून परदेशी, पण आपल्याकडे ते मराठीत दाखवतात. मराठीतलं ते रडणं अकरा सेकंदांचं आहे, आणि ते कोल्हापुरात, माझ्या घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड झालं. 'इतकं खरं कसं रडली हो ती?' असं मला पुष्कळांनी विचारलं. 'अभिनय. तिसरा टेक,' असं मी सांगायचो. एका समारंभात शाल आणि नारळ देऊन मला त्यावर बोलायला लावलं, तिथंही मी हेच बोललो. ते खोटं होतं. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. खरं काय ते लिहून ठेवतो. नावं कुणाचीच घालत नाही.

तरुणपणी मी सिनेमाच्या स्टुडिओत आवाजाच्या खात्यात होतो. ते काम सरल्यावर राजारामपुरीतल्या घराची मागची खोली आतून जाड स्पंजनं मढवून घेतली, मधे काच बसवली आणि डबिंगचं काम सुरू केलं. काचेपलीकडे बोलणारा, अलीकडे मी आणि मशीन. दार लावलं की आत इतकी शांतता व्हायची, की नवी माणसं दोन मिनिटांत घाबरून बाहेर यायची. स्वतःचं रक्त कानात वाहताना ऐकू येतं म्हणायची.

पिल्लाचा आवाज काढणारी ही बाई कधी घाबरली नाही. ती गडहिंग्लजची. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते घरी रियाज करायला बसले की लहानपणी ही शेजारी बसून तीच सुरावट गळ्यातून काढायची, शब्दांवाचून. पुढं गोव्यातल्या एका हॉटेलात काउंटरवर नोकरीला लागली. तिथल्या वादकांनी तिला गुणगुणताना ऐकलं आणि सांगितलं, तू करतेस त्याला जाझ म्हणतात. हिवाळाभर ती गोव्यात गायची. पावसाळ्यात हॉटेलं ओस पडली की कोल्हापुरात येऊन माझ्याकडे कार्टूनचे आवाज काढायची. कोंबडी, चेटकीण, खोकणारा ट्रॅक्टर, काहीही.

काम सुरू करण्याआधी गळा मोकळा करायला ती दहा-पंधरा मिनिटं तशीच बिनशब्दांची गायची. एकदा चहावाला दारात किटली घेऊन उभाच राहिला.

"ताई, झ्याक चाललंय. पण शब्द कवा येनार?"

"येणारच न्हाईत, भाऊ."

"मग आदी सांगायचं की! मी कवाधरनं थांबलोय, चा गार झाला."

त्या दिवशी ती हसून हसून बेजार झाली होती. मला काका म्हणायची.

साळिंदराच्या पिल्लाचं काम आलं त्या पावसाळ्यात तिचे वडील दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणत होते, आठवड्यात घरी सोडू. माझ्याकडे नियम असा, की बोलणाऱ्यानं मोबाईल माझ्या टेबलावर ठेवून आत जायचं. तिनं तो ठेवताना सांगितलं होतं, "घरचा फोन आला तर तेवढा उचला काका." बाकी सगळे भाग झाले होते. एक रडणं राहिलं होतं. दोन दिवस ती रडत होती आणि काम देणारी मुंबईची माणसं 'खोटं वाटतंय' म्हणून परत पाठवत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते गेलं नसतं तर सगळी मालिका माझ्याकडून काढून घेणार होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिचा मोबाईल थरथरला. ती काचेपलीकडे हेडफोन घालून कागद वाचत होती. मी उचलला. तिचा भाऊ होता. म्हणाला, "काका, अब्बा गेले. तिला एकदम सांगू नका. जवळ बसवून सांगा." मी बरं म्हणालो.

मशीन बंद होतं. हे मला नीट लिहायचं आहे, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मशीन आधीपासून चालूच होतं आणि घाईत बंद करायचं राहून गेलं. ते बंद होतं. मी फोन खाली ठेवला. पडद्यावर पिल्लाचं दृश्य आणून ठेवलं. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. मग बोलायचं बटण दाबलं. ते दाबून बोललं की माझा आवाज काचेपलीकडे फक्त हेडफोनमध्ये जातो. त्यातून मी तिला सांगितलं, "पोरी, अब्बा गेले."

नंतर दार उघडून आत गेलो, पाणी दिलं, जीप ठरवून तिला गडहिंग्लजला पाठवलं. संध्याकाळी त्या आवाजातले अकरा सेकंद कापले आणि मुंबईला धाडले. तिकडून फोन आला, "काय केलंत हो काका! अंगावर काटा आला." मी म्हणालो, तिसरा टेक.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर ती परत आली. बारीक झाली होती. "मला त्या दिवसाचं काही आठवत नाही काका," ती म्हणाली. "जीपमध्ये बसले होते, तिथून पुढचं आठवतं. मला सांगितलं कुणी?"

"मीच. इथं खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं."

तिनं माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं, तुम्ही होता."

दिवाळीनंतर कार्टून टीव्हीवर आलं आणि ते रडणं मुलांच्या तोंडी बसलं. आमच्या गल्लीत सात-आठ पोरं एकदम तसं रडायची आणि लगेच हसायची. मी भाजी आणायला निघालो की मागून यायचं. बंद खिडकीतून यायचं. शाळेच्या रिक्षातून यायचं आणि कोपऱ्यावर वळून बंद व्हायचं. पोरं नक्कल इतकी हुबेहूब करायची, की मधला श्वाससुद्धा ती सोडत नसत.

त्या श्वासातच घोटाळा होता. एक दिवस ती स्वतःचे चांगले हेडफोन घेऊन आली आणि ते माझ्या कानांवर चढवले.

"ऐका. रडताना मी मधे श्वास घेतलाय ना? तिथं कुणीतरी बोलतंय."

मी ऐकलं. रडणं, श्वास आणि श्वासाच्या पोटात लांबून आल्यासारखी पुरुषी आवाजाची पुटपुट, जेमतेम सेकंदभर. शब्द लागत नव्हते. काय झालं ते मला तिथंच कळलं. हेडफोन सैल बसला असेल तर त्यातलं बोलणं समोरच्या माइकमध्ये उतरतं. मी तिच्याशी बोललो होतो ते उतरलं होतं. कापताना घाईत ते माझ्या कानांना लागलं नव्हतं.

"हा टेक अब्बा जायच्या आदल्या दिवशीचा म्हणालात ना?"

"हो."

आदल्या दिवशीचाच एक टेक शेवटी पास झाला, असं मी तिला आधी सांगून ठेवलं होतं. मग तिनं आपला हात माझ्यापुढं केला. हातावरचे सगळे केस उभे होते.

"अब्बा आहेत, काका. दवाखान्यात पडून माझ्याशी बोलत होते."

मी नाही म्हणालो नाही. तिनं मूळ रेकॉर्डिंग मागितलं, शब्द लागतात का पाहायला. मशीनमध्ये जागा नव्हती, पुसून टाकलं, असं मी सांगितलं. ते पुसलं नव्हतं. कपाटात होतं.

त्यानंतर तिचं गाणं बदललं. दोन वर्षांनी गोव्यात एका मोठ्या कार्यक्रमाला तिनं मला आग्रहानं नेलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं. गाणं रंगात आलं, ती वर वर चढत गेली, आणि अगदी टोकाला तिनं श्वास घेतला आणि थांबली. मागचे वादकही थांबले. त्या पोकळीत ती मान किंचित कलती करून ऐकत होती. सेकंदभरच. मग पुन्हा उचललं. दुसऱ्या गाण्यात तेच, तिसऱ्यात तेच. लोक त्या जागेला टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारचा पाहुणा म्हणाला, "ही तिची खासियत. असं दुसरं कुणी थांबत नाही." प्रत्येक वेळी ती थांबली की माझी जीभ आपोआप हलायची. जणू तिथं मी बोलायचं ठरलेलं होतं. चौथ्या गाण्याआधी मी उठून बाहेर आलो.

यंदा उन्हाळ्यात ती सकाळी घरी आली, पेढे घेऊन. तिच्या गाण्यांचा अल्बम निघणार होता. सुरुवातीला ते अकरा सेकंद घालायचे आणि कलाकारांच्या यादीत तिच्या नावाखाली वडिलांचं नाव छापायचं, आवाज म्हणून, असं तिनं ठरवलं होतं. "आयुष्यभर बँडमध्ये वाजवलं, एका कागदावर नाव नाही त्यांचं," ती म्हणाली. "अम्मा तर खूळ लागल्यासारखी झालीय. रोज मोबाईलवर तेवढंच ऐकते."

मी कपाट उघडलं. मूळ रेकॉर्डिंग लावलं आणि हेडफोन तिला दिले. मुळात सगळं स्पष्ट आहे. आधी शांतता. मग हेडफोनमधून झिरपलेला माझा आवाज, 'पोरी, अब्बा गेले.' मग तिचं रडणं. मग ती श्वास घेते, मागं सरकते, आणि पुन्हा माझा आवाज. तेव्हा मी म्हणालो होतो, 'माइकपासून हलू नको.'

तिनं ते तीनदा ऐकलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवले, त्यांची वायर नीट गुंडाळली.

"म्हणजे अब्बा काही बोललेच नव्हते."

"नाही."

"आणि मशीन तुम्ही चालू केलं."

"हो. फोन ठेवल्यावर."

मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "अल्बममधून मी काढून टाकीन ते. पण घरी अम्मा आहे. तिला मी सांगणार नाही. तिला तुम्ही सांगायचं. आजच."

दुपारच्या एसटीनं आम्ही गडहिंग्लजला गेलो. गाणारी माणसं प्रवासात नकळत काहीतरी गुणगुणतात, तीही नेहमी गुणगुणायची. त्या दिवशी ओठ मिटून बसली होती.

तिची आई घराच्या पुढच्या सोप्यात बसून मिरच्यांची देठं काढत होती. मी समोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोन, लाल बटण, बोलायचं बटण. मिरचीच्या खाटानं माझे डोळे वाहत होते आणि बाई ते रुमालानं पुसायला सांगत होती. "तो आवाज माझा आहे, भाभी," मी म्हणालो.

"तुमचा?"

तिनं मुलीकडं पाहिलं. मुलीनं होकाराची मान हलवली. मग म्हातारीनं हात झटकले, मोबाईल घेतला आणि सवयीच्या बोटानं लावला. रडणं, श्वास, पुटपुट, रडणं.

"काय बोललाय तुमी हितं?"

"माइकपासून हलू नको."

"बोला बघू तसंच."

मी बोललो. म्हातारपणानं फाटलेला, खाटानं बसलेला माझा आवाज. तिनं मान कलती करून ऐकला, मुलगी ऐकायची तसाच. पुन्हा बोलायला लावलं. मी पुन्हा बोललो.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्यो त्यो न्हाय."

"भाभी, खरंच सांगतो."

"चाळीस वर्सं ऐकलाय की मी. मला कळत न्हाय व्हय?" तिनं मोबाईल कानाजवळ नेला आणि परत लावला. "तुमी गप ऱ्हावा जरा, पावणं. त्यास्नी बोलू द्या."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती सरकून आईच्या खांद्याला खांदा लावून बसली. मी गप्प राहिलो, आणि श्वास आला तसा मोबाईलमधून मी बोललो.