इंजिनाच्या पाण्यानं अंघोळ

औरंगाबादची छावणी हे माझं पहिलं पोस्टिंग. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. मी दोडामार्गकडचा, सातवीत शाळा सोडलेला. पलटणीनं मला पोटभर जेवण दिलं, बूट दिले, माणसांत आणलं. म्हणून कुणी "चल" म्हटलं की मी आधी चालायचो.

हिवाळ्यात फायरिंग रेंजसाठी आमच्या कंपनीचा मूव्ह निघाला. मनमाडपर्यंत मीटर गेज, कोळशाचं इंजिन. डिझेल येणार म्हणून मधल्या स्टेशनांवरचे इंजिनात पाणी भरायचे खांब एकेक करून बंद होत होते. आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

फौजी गाडीत एक रिवाज होता. गाडी थांबली की लंगरवाला बादली घेऊन इंजिनाकडं जायचा. ड्रायव्हर चहासाठी उकळतं पाणी द्यायचा. त्या सकाळी लासूरला क्रॉसिंग होतं. ड्रायव्हर गफूरभाई आमच्यासाठी टाकीचा पाइप चालू ठेवून स्टेशनात गेले. चहा झाला. मग हवालदार सावंत ओरडले, "कंपनी, अंघोळ!" सावंत माझ्याच मुलखातले. आम्हा कोकणातल्यांना पाणी म्हणजे वाहणारी गोष्ट. फायरमन साळवे "पुरं करा, पुरं करा" म्हणत राहिला. वर्दीपुढं त्याचं कोण ऐकतो? सगळी कंपनी त्याच पाइपापाशी, रुळाशेजारी साबण लावून उभी.

पुढच्या स्टेशनात खांब कोरडा निघाला. गफूरभाईंनी पाणी मोजायला इंजिनाच्या टाकीत काठी घातली आणि सुभेदारसाहेबांकडं वळले.

"साब, बॉयलरचं पाणी उतरलं तर भट्टीवरचं शिशाचं बूच वितळंल. इंजिन बसंल. डिझेलच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलंय, ते बी कटंल."

"किती वेळ आहे?"

"अर्धा घंटा. मग भट्टीतली आग पाडावी लागंल."

साळवे आमच्याकडं बघून म्हणाला, "नवरदेव झाले समदे! आता वरात पायीच न्या."

स्टेशनामागं निळा झेंडा लावलेली वस्ती होती. साळवेच तिकडं धावला. बायका हंडे घेऊन आल्या. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता. पुढचा कधी, कुणाला माहीत नव्हतं. आम्ही रांग लावून हंडे वर दिले. माझ्या अंगाला साबणाचा वास येत होता. गयाबाई नावाच्या म्हातारीनं माझ्या हातात कळशी दिली.

"सरहद्दीवर चाल्लात ना रं, लेकरांनो?"

मी खाली पाहिलं. सावंत म्हणाले, "होय, मावशी."

"मंग घ्या. आमचं कसं बी भागतं."

गफूरभाई बॉयलरचं पाणी दाखवणाऱ्या काचेकडं बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "चढलं." गाडी हलली. त्यांचं नाव कटलं नाही.

डब्यात मी सावंतांना म्हटलं, "आपण तर रेंजला चाललोय."

"गप बस. तिला काय सांगू? अंघोळीत संपलं म्हणून?"

पुढं पलटण उत्तरेला गेली. सावंत बर्फातल्या पोस्टवर चढले, ते तिरंग्यातच खाली आले. मी पायथ्याच्या लंगरमध्ये होतो. त्या म्हातारीला दिलेला शब्द त्यांनी खरा केला.

आता मी त्याच शहरात, गारखेड्यात राहतो, पेन्शन खातो. पलटणीच्या स्थापनेच्या दिवशी हवालदार सावंतांचं नाव पुकारतात. सगळे छाती काढून उभे राहतात. मीही सावधानमध्ये असतो. मान मात्र वर राहत नाही.