बॉक्सावरची वाकळ

ये गं पोरी, अशी जवळ सरक. हैद्राबादेत बसून माझा फोन उचलीत नाहीस ते नाहीस, निदान या कागदाकडे तरी पाठ करू नकोस. बापावरचा राग मोठ्याआईवर काढतात होय? त्याच्याबद्दलच लिहायला बसलेय, शेवटपर्यंत वाच.

साऱ्या हुमनाबाद तालुक्यात दार लावून एकट्यानं सराव करणारा, आणि तो अख्ख्या मिरवणुकीला ऐकू जाईल असा करणारा माणूस एकच, तो म्हणजे माझा धाकटा दीर, तुझा बाप. तू लग्न होऊन गेलीस त्याच साली त्यांची गाण्याची पार्टी मोडली. आता भीमजयंतीला डीजे लागतो, पेटी-ढोलकी-गिटार कुणाला हवी. वाटणीत पेटी एकानं नेली, ढोलकी दुसऱ्यानं, आणि तुझ्या बापानं मागून घेतले ते मंडपात लावायचे स्पीकरचे दोन बॉक्स, माणसाच्या छातीएवढे उंच. दुबलगुंडीच्या त्या दोन खोल्यांत ते उभे केल्यावर माणसांना जागा उरली नाही. एकावर तुझ्या आईचा फोटो, दुसऱ्यावर पिठाचा डबा. वाजवणं सुरू झालं की डब्यातलं पीठ आपोआप चाळून निघायचं.

तुझ्या बापाच्या गिटारचा तो काळा ॲम्प तुला ठाऊकच आहे. त्यातला स्पीकर उंदरांनी कुरतडला. दुसऱ्या कुणी नवा बसवला असता. यानं आतली वायर ओढून त्या बॉक्सांना जोडली. पहिल्या दिवशी असा आवाज आला, जणू पत्र्यावर कुणी कानस घासतंय. चिटगुप्प्याचा साउंडवाला मिस्त्री म्हणाला, “अण्णा, गिटारचा स्पीकर कर्कश तेवढं पोटात ठिवतो. मंडपाचा बॉक्स काईच ठिवत न्हाई, सगळं वकतो.” शेजारची कानडी अक्का कुंपणापाशी येऊन “साकु, साकु, पुरं करा” म्हणायला लागली. तिची म्हैस पान्हा चोरायली होती. तुझ्या बापानं तिला विचारलं, “कोणत्या गाण्याला चोरती? ते गाळतो.”

मग त्यानं माझी वाकळ उचलली. तुझ्या आईच्या लुगड्यांची शिवलेली, तीच. दोन्ही बॉक्सांच्या वरच्या भोंग्यांवर ती आडवी बांधली आणि आवाज खरंच मऊ झाला. म्हणाला, “वैनी, ती पदराआडनं बोलल्यावानी वाटायलंय.” मी शेंगा सोलत बसले होते. मान वर केली नाही, केली असती तर डोळे दिसले असते.

सराव म्हणजे साधासुधा नव्हे हो. अंघोळ करून, पार्टीचा निळा कोट घालून, भिंतीवरच्या तसबिरीला जय भीम करून सुरुवात. श्रोती मी एकटी, तरी “मायबहिणींनो, फर्माईश करा” म्हणायचा. मी म्हणायचे, भाजी करपायलीय, ही फर्माईश. तू पोटुशी असल्याचं कळलं त्या दिवसापासून मात्र फर्माईश बंद. एकच चाल, तुला पाळण्यात निजवायचा ती. बारशाला हैद्राबादला जाऊन वाजवायची होती. ॲम्प कुठे ठेवायचा आणि वाकळ कोण धरणार, हेसुद्धा ठरवून ठेवलेलं.

तुरीच्या राशी चालल्या होत्या तेव्हाची गोष्ट. एक दिवस त्यानं वाकळ सोडून माझ्या हातात दिली आणि ॲम्पवरचं चिरक्या आवाजाचं बटन होतं तेवढं फिरवलं. म्हणाला, “बॉक्स बसले, वैनी. वाकळंतनं आल्यावानी आवाज यायलाय.” वाकळ माझ्या हातात होती. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वायर बघितली, आवाज वाढवला आणि तार छेडली. मी कानात बोटं घातली, चहाच्या कपावरची बशी थरथरली. तुझा बाप बॉक्सावर हात ठेवून उभा. म्हणाला, “चालू केलास का?”

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. ॲम्प बंद केला. “बॉक्स चांगला हाय, अक्का,” एवढंच बोलला आणि चहा तसाच ठेवून गेला.

पंचवीस वर्षं हा माणूस त्या बॉक्सांच्या शेजारी उभा राहिला. मला म्हणाला, “कुणाला सांगू नका, वैनी. पोरीला तर न्हाईच. ती दवाखान्यात काम करती, वढून न्हेईल. आन् बारशाला बहिरा वाजवणार म्हणल्यावर सासरची हसतील.” मी शब्द दिला. ही माझी चूक, त्याची नव्हे.

तोंड बघून त्याला पुष्कळ कळतं. फोनमध्ये तोंड नसतं. मग तुझा फोन आला की तू बोलायचं थांबलीस असं वाटेपर्यंत तो गप्प बसायचा आणि ठरलेलं म्हणायचा, “व्हय, लई छान झालं. जप.” त्या दिवशीही तेच म्हणाला. मी शेजारीच तांदूळ निवडत होते. फोन ठेवून हसला, “बरी हाय पोरगी,” म्हणाला आणि पाळण्याची चाल वाजवायला बसला.

तू त्याला काय सांगितलं होतंस, ते आठ दिवसांनी जावईबापूंच्या फोनवरून मला कळलं. त्याला उजेडात समोर बसवलं आणि सांगितलं, बाळ गेलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा माझेच ओठ नीट हलले नाहीत. मग त्यानं विचारलं, “मी काय म्हणलो तिला?”

मी तेही सांगितलं.

त्यानं वायर काढली. वाकळ दोन्ही बॉक्सांवर घातली, निजलेल्या माणसावर घालावी तशी. तेव्हापासून घरात आवाज नाही. रोज तुझा नंबर काढून बघतो आणि ठेवतो. मी म्हटलं, लावा की. म्हणाला, “उचलला तर? ती काय बोलती ते कळणार न्हाई. फिरून कायतरी बोलून बसीन.” कानडी अक्का कालच विचारत होती, “कामून बंद हाय हो? म्हैस कान टवकारून हुबी राहायलीय.”

शब्द मोडला मी, मोडू दे. तू ये. हुमनाबादला उतरलीस की फोन करू नकोस, सरळ घरी ये. त्याची पाठ दाराकडं असेल, हाक मारलीस तर वळणार नाही, म्हणून रागावू नकोस. आत जा, समोर बस, वर बघेपर्यंत थांब. मग हळू बोल. लवकर ये, पोरी.