कमानीच्या पुलावरची सोबत

श्रावणातल्या त्या दुपारी आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या छातीत कळ आली, तेव्हा मला देवीचा रागच आला. जन्मभर तिचे उपवास केले, त्याचं हेच फळ का? राणीसावरगावच्या डोंगरात आमची वाडी. मालक पूर्ण्याला रेल्वेत, शेजारी शेतात, घरात आम्ही दोघीच. जीपवाला फोनवर म्हणाला, "खालच्या रस्त्यावर पाणी चढलंय. जुन्या पुलापल्याड थांबतो, तिथवर आणा."

हा पूल निजामाच्या काळातला, दगडी कमानींचा. एका बाजूचा कठडा ढासळल्यामुळे त्यावर गाड्या बंद होत्या. आत्याबाईंना धरून धरून तिथवर आणलं आणि त्यांचे पाय गळाले. खाली ओढा नुसता गर्जत होता. त्यांना दगडाला टेकवून बसवलं आणि माझ्या तोंडून निघालं, "देवीमाय, आता तूच बघ."

मान वर केली तर पुलाच्या तोंडाशी एक अनोळखी बाई उभी. गळ्यात कवड्यांची माळ, काखेत गाठोडं. तिनं फार विचारलं नाही. गाठोडं माझ्या हाती दिलं आणि आत्याबाईंना पाठुंगळी घेतलं.

"पाण्याकडं बघू नका. माज्या मागं मागं या."

तशातही आत्याबाई पुटपुटल्या, "लय जड हाय का गं मी?"

"न्हाई माय, लेकरावानी हाव तुमी."

आम्ही पल्याड पोचलो. जीपमध्ये बसायच्या घाईत तिचं नाव विचारायचंही राहून गेलं. दवाखान्यात वेळेवर पोचल्यामुळे आत्याबाई वाचल्या.

दिवाळीनंतर बाजारात ती अचानक दिसली. आत्याबाई तिच्या पाया पडायला वाकल्या. "देवीच होऊन आलीस गं!"

ती दचकून मागं सरली. "असं नका करू माय. लेकीच्या गावाला निघाले होते, वाट चुकून पूल वलांडला. परत एकटीनं जायला छाती होईना. रडकुंडीला येऊन देवीला हाक मारायले, तर तुमी दोघी दिसलाव. मला वाटलं, तिनंच सोबत धाडली."

मी हाक मारली तेव्हा तीही हाक मारत होती, आणि आईनं दोघींना एकच उत्तर दिलं होतं. तेव्हापासून मी तिला हिशेब विचारत नाही. सगळं तिच्यावर सोपवते. कोणाला कोणाकडे धाडायचं, ते तिला कळतं.

त्या दिवशी आम्ही तिघींनी तिथेच बाजारात चहा घेतला. चहा संपला तरी आत्याबाईंनी त्या बाईचा हात काही सोडला नाही.