हमीदाआपांचं ‘कशापायी’

फुकट मिळालेली कुठलीही वस्तू हमीदाआपा आधी उलटी करून बघायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. अणदूरजवळ हायवेला लागून आमचं शाळेचे गणवेश शिवण्याचं युनिट आहे. तिथं सुपरवायझर म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. मालकांनी मला सगळ्या बायकांना पाण्याच्या बाटल्या वाटायला सांगितल्या. बायका झाकणं उघडून, रंगांची अदलाबदल करून खूश होत होत्या. चेकिंगच्या टेबलाशी बसलेल्या एका उंच, हाडकुळ्या बाईंनी मात्र बाटली उलटी केली, बुडाकडं नीट बघितलं, मग ती टेबलावर ठेवून मला विचारलं, "मॅडम, हे कशापायी?"

"उन्हाळा आहे ना. म्हणून दिल्यात मालकांनी."

"उन्हाळा दरसाल येतोय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मालकाला यंदाच कसा दिसला?"

आजूबाजूच्या बायका हसल्या, पण ते हसू पुरतं खुललं नाही. पलीकडं एकीनं नुकतंच उघडलेलं झाकण परत लावून टाकलं.

हमीदाआपांचं कामच मुळात संशय घेण्याचं होतं. शिवून आलेला प्रत्येक शर्ट त्यांच्या टेबलावर यायचा. त्या तो आतून बाहेर करायच्या, काखेतली शिलाई दोन्ही हातांनी ताणायच्या, बटण पिरगाळून बघायच्या. "चांगला दिसतोय" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "जाऊ द्या ह्याला" म्हणाल्या की माल पास. त्यांनी पास केलेला गठ्ठा शाळेकडून कधी परत आला नाही, म्हणून मालकही त्यांना वचकून असत.

मालक म्हणजे बसवराजअण्णा. माणूस वाईट नव्हता, पण कमी बोलणारा. मला ऑफिसात बोलावून ते म्हणाले होते, "पगार वाढवणं आत्ता जमत नाही, मॅडम. पण बायकांचं मन कामात नाही. कोणी न सांगता गैरहजर राहतं, कोणी काम सोडून जातं. थोडक्या खर्चात त्यांना बरं वाटेल असं काही करा."

मग मी करत सुटले. ज्या बाईचा वाढदिवस असेल तिच्यासाठी केक आणला. दुपारच्या वेळी स्पीकरवर गाणी लावली. महिन्यातल्या सगळ्यांत चांगल्या कामगाराचा फोटो दाराजवळच्या फळ्यावर लावायला सुरुवात केली. मोबाईलवर अशा गोष्टींचे व्हिडिओ बघून मी उत्साहात आले होते. पण प्रत्येक गोष्ट शेवटी चेकिंगच्या टेबलापाशी येऊन अडायची.

केक कापला तेव्हा आपा म्हणाल्या, "आज केक कापला. उद्या काय कापतेत ते बघा." गाणी लावली तेव्हा म्हणाल्या, "आवाज मोठा ठेवला की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत न्हाय. सोयीचं हाय." त्या हे ओरडून सांगत नसत. शर्टाची बाही ताणता ताणता, कुणाकडंही न बघता बोलत. पण संध्याकाळपर्यंत ते वाक्य शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलेलं असायचं. मला त्यांचा मनस्वी राग यायचा. मला वाटायचं, ही एक बाई नसती तर बाकीच्या आनंदानं कामाला लागल्या असत्या.

फळ्यावरच्या फोटोनं तर भलतंच घडलं. पहिला फोटो सुनंदाचा लागला. सुनंदा कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवर बसायची. शिलाई सुबक, काम झपाट्याचं. तिच्या घरी कानडी बोलतात आणि अण्णांच्याही. फोटो लागला त्याच दिवशी अण्णा तिच्या मशीनपाशी थांबून तिच्याशी कानडीत बराच वेळ बोलले. आपांनी ते टेबलावरून पाहिलं.

"आपल्याला कळू नये म्हणूनच त्या भाषेत बोलायचं," त्या शेजारणीला म्हणाल्या. "मालकाला आतल्या बातम्या कोण देतंय ते आता कळालं. फोटो उगं लागत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून सुनंदा जवळ आली की बायकांचं बोलणं थांबायचं. जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाजूची जागा रिकामी राहायला लागली. एकदा मी तिला पाण्याच्या टाकीमागं डोळे पुसताना पाहिलं. "मॅडम, तो फोटो काढा," एवढंच ती म्हणाली. मी काढला. तिचं काही बरं करायला गेले आणि तिला एकटं पाडून बसले होते. पण मालकांबद्दलचा संशय मलाही हळूहळू लागला होता, हेही खरं. अण्णा हल्ली दार लावून फोनवर बोलत. मी आत गेले की विषय बदलत.

तशातच अण्णांनी सहलीची परवानगी दिली. मी मुद्दाम परंडा निवडलं. किल्ला बघायचा, सोबत नेलेला डबा तिथंच खायचा आणि परतायचं. परंडा आपांचं माहेर, म्हणून निवडलं. म्हटलं, निदान या निमित्तानं तरी ही बाई विरघळेल.

"परंड्याला?" आपांनी हातातला शर्ट खाली ठेवला. क्षणभर त्यांचा चेहरा मऊ झालेला मला दिसला. मग लगेच, "समद्याच जाणार? एक पण मागं न्हाय?"

"सगळ्या. युनिट बंद ठेवणार आहेत अण्णा."

"मग मी न्हाय येत. तुम्ही जावा."

"अहो, तुमचं माहेर आहे."

"माहेर कुठं पळून जात न्हाय. मशिनी जातेत."

सहलीच्या दिवशी गाडी भरली. शेवटच्या क्षणी मीही चढले नाही. आपांना एकटं सोडवलं नाही असं मी इतरांना सांगितलं. खरं म्हणजे अण्णांचा फोन सकाळपासून बंद येत होता आणि मला युनिट सोडून जाववेना.

फाटकाच्या आत, लिंबाच्या सावलीत आम्ही दोघी स्टुलं टाकून बसलो. आपांनी त्यांचा जेवणाचा डबा उघडला. मोठा, जुना स्टीलचा डबा होता. झाकणावर काही अक्षरं कोरलेली होती, पण घासून घासून पुसट झालेली.

"गिरणीचा हाय," त्या म्हणाल्या. "आमचे हे सोलापूरला गिरणीत होते. एका साली मालकांनी मांडव घातला. जिलब्या वाढल्या. बायकापोरांसकट समद्यांना बोलावलं, ह्यांच्या गळ्यात हार घातला आणि हा डबा दिला. ह्यांना लई आनंद झाला. घरी येऊन मला म्हणाले, बघ, मालकाला आपली कदर हाय. पुढच्या आठवड्यात डबा घेऊन गेले तर फाटकाला कुलूप." भाकरीचा तुकडा त्यांनी हातातच धरून ठेवला. "गिरणी बंद पडली त्याचं न्हाय एवढं, मॅडम. बंद पडतेत गिरण्या. पण मांडव घातला तवा मालकाला ठाऊक होतं ना? हे शेवटपर्यंत तेच म्हणायचे. त्याला ठाऊक होतं आणि त्यानं मला जिलबी वाढली."

मग मी त्यांना सुनंदाचं सांगितलं. त्या दिवशी अण्णा तिच्याशी कानडीत काय बोलत होते, ते मी नंतर तिलाच विचारलं होतं. तिची आई दवाखान्यात होती. आईजवळ थांबायला सुट्टी हवी का, असं अण्णा विचारत होते. आपा ऐकत राहिल्या. डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं.

दुपारी एक चारचाकी फाटकाशी येऊन थांबली. दोन माणसं उतरली. बसवराजअण्णांनी पाठवलंय, मशिनींचे फोटो काढायचेत, असं म्हणाली.

"कशापायी?" आपा उठून उभ्या राहिल्या.

"घ्यायच्या आहेत. आधी बघायला नको का?"

आपांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत ‘मी म्हणलं नव्हतं का’ असं काही नव्हतं. भीती होती. मी अण्णांना फोन लावत राहिले आणि आपा फाटकाची कडी धरून उभ्या राहिल्या. "मालक आल्याबिगर न्हाय," एवढंच त्या म्हणत होत्या. ती माणसं आधी हसली, मग चिडली, शेवटी गाडीत बसून निघून गेली.

संध्याकाळच्या सुमारास अण्णांचा फोन लागला. मी दुपारच्या माणसांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "मशिनींच्या तीन रांगांपैकी एक विकावी लागणार आहे, मॅडम. शाळांच्या ऑर्डरी कमी झाल्यात. सगळ्यांसमोर घेणारी माणसं आणून मशिनी दाखवायच्या कशा? घाबरून सगळ्या निघून गेल्या असत्या. म्हणून म्हटलं, सहलीच्या दिवशी."

"सहल त्यासाठी होती?"

"नाही. सहल तुमचीच होती. मी फक्त दिवस साधला."

आपा शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. मी अण्णांना सांगितलं की हे सोमवारी तुम्ही स्वतः सगळ्यांना सांगा, नाहीतर मी सांगते. नोकरी माझीही जाऊ शकत होती.

सोमवारी अण्णा शेडमध्ये आले. माणूस बायकांच्या नजरेला नजर देत नव्हता. ऑर्डरी का कमी झाल्या, एक रांग का विकतोय, बाकीच्या दोन का ठेवतोय, कापडी पिशव्यांचं काम मिळवायचं कसं चाललंय, हे त्यांनी अडखळत सांगितलं. मग आपांनी पहिला प्रश्न विचारला. "रांग गेली तर त्या रांगेतल्या बायांचं काय?" अण्णा म्हणाले, पिशव्यांचं काम आलं तर त्यांनाच आधी बोलावणार. "आणि न्हाय आलं तर?" अण्णा म्हणाले, "तर मला माहीत नाही."

आपा खाली बसल्या. "हे बरं बोललात," त्या म्हणाल्या.

काम सुरू व्हायच्या आधी त्या उठून सुनंदाच्या मशीनपाशी गेल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "मी तुझ्याबद्दल वंगाळ बोलले. समद्यांसमोर बोलले, म्हणून समद्यांसमोर सांगते. माझं चुकलं." सुनंदानं मान वर केली नाही. "तुमच्यामुळं मी लई रडले," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं. त्या दोघी एका ओळीत जेवायला बसायला बरेच दिवस गेले. आपांनी घाई केली नाही.

दोघी-तिघी काम सोडून गेल्या. बाकीच्या राहिल्या, आणि गंमत म्हणजे न सांगता गैरहजर राहणं कमी झालं. पिशव्यांचं काम यायला वेळ लागला, पण आलं. रांगेतल्या बऱ्याच जणी परत आल्या. केक आणि गाणी मी बंद केली नाहीत, कारण आता बायकाच मागत होत्या. पण दर सोमवारी काम सुरू होण्याआधी उभं राहून किती काम आहे, कुठवर पुरेल, काय अडलंय हे सांगायची पद्धत पडली. त्याला काही खर्च येत नव्हता. अण्णांना मात्र ते सगळ्यांत जड जायचं, म्हणून बहुतेक वेळा मीच सांगायचे. शेवटी आपा काहीतरी विचारायच्याच, आणि त्यांचं समाधान झालं की शेडमधल्या सगळ्यांचे खांदे सैल झालेले मला दिसायचे.

गेल्या हिवाळ्यात हमीदाआपा गेल्या. दम्याचं निमित्त झालं. आदल्या आठवड्यापर्यंत कामावर होत्या. युनिटमधल्या सगळ्या बायका त्यांच्या घरी जाऊन आल्या. सुनंदा त्यांच्या लेकीजवळ संध्याकाळपर्यंत बसून होती.

त्यानंतरच्या सोमवारी मी नेहमीसारखी उभी राहिले. म्हटलं, पुढच्या हंगामाची ऑर्डर पक्की आहे, काळजीचं कारण नाही. कुणी काही बोललं नाही. चेकिंगच्या टेबलाकडं कुणी बघतही नव्हतं. त्या शांततेत मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटलं. मी वळणार, तेवढ्यात सुनंदा उभी राहिली.

"मॅडम, ऑर्डरीचा कागद तुम्ही डोळ्यांनी बघितलाय, का अण्णांनी नुसतं सांगितलंय?"

मी म्हटलं, "सांगितलंय. बघितला नाही."

"मग बघून या," ती म्हणाली. "आमी थांबतो."

मी अण्णांच्या ऑफिसकडं निघाले. मागं मशिनी बंदच होत्या.