रिकामा ग्लास आधी हुंगायचा

आम्हा क्राफ्ट बिअरवाल्यांइतकी किरकिरी जमात नाशिकमध्ये दुसरी नसेल, आणि त्या जमातीत मी सगळ्यात किरकिरा. सातपूरच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग मोजायचा आणि केसभर फरक असला तरी बाजूला काढायचा, हेच माझं काम. ती सवय अंगात मुरली ती मुरलीच. घरी पोळी वाकडी आली तर मी काही बोलत नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. बाहेर मात्र कुणाला सोडत नाही.

गंगापूर रोडने पुढे गेलं की शहर विरळ होतं, तिथे एक छोटी ब्रुअरी आहे. मागे स्टीलच्या टाक्या, पुढे टेबलं, वर पत्रा. रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण तिथे जमतो. बिअर पितो त्याच्या दुप्पट वेळ तक्रारी करतो. कुणी बिअरचा मग बर्फात गोठवून आणला की आमचा जीव जातो, कारण इतक्या गारेगार बिअरला चव कुठून येणार? शेजारच्या टेबलावर कुणी ‘फेस कमी करा, फसवता काय’ म्हणून ओरडला की आम्ही एकमेकांकडे बघून कपाळाला हात लावतो. आमच्यातलाच एक जण फोटो काढता काढता फेस पार बसवून टाकतो आणि मग बिअर मेलेली आहे म्हणतो. लग्नकार्यात एखादा मामेभाऊ हमखास विचारतो, ‘माइल्ड का स्ट्राँग?’ आणि दुसरा म्हणतो, ‘अरे, नाशिकचे ना तुम्ही? मग वाइन सोडून हे काय?’ ह्या प्रश्नांना उत्तरं देऊन देऊन माझे केस पिकले.

पण माझी स्वतःची खास तक्रार ग्लासची. बिअर ओतण्याआधी रिकामा ग्लास नाकाला लावायचा, हा माझा शिरस्ता. भांड्याच्या साबणाचा वास, ओल्या फडक्याचा वास, आधीच्या माणसाने खाल्लेल्या चकलीच्या तेलाचा वास, काहीही आला की ग्लास परत. तिथले वेटर माझ्याच वयाचे, सुरगाण्याकडचे, शांत स्वभावाचे गृहस्थ. एकदा त्यांच्याकडून मी सलग चार ग्लास बदलून घेतले होते. पाचवा त्यांनी स्वतः हुंगला आणि मग माझ्यापुढे ठेवला. टेबलावर माझं नाव पडलं होतं ‘नाक’. मला ते नाव फार आवडायचं, हे आज कबूल करतो.

टेबलावरची दुसरी असामी म्हणजे शेठ. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे व्यापारी. दर रविवारी गाडी काढून एवढ्या लांबून येणार, माझ्याशेजारीच बसणार आणि पहिला घोट घेतला की समालोचन सुरू. “साहेब, हिच्यात गोणपाट हाय. पावसात भिजून उन्हात वाळलेलं. अन् मागनं जरासा गूळ.” आपल्याला अजून घोट गिळायचा असतो, तोवर ह्यांचं गोणपाट कानात घुसलेलं असतं. मग आपल्यालाही गोणपाटच लागतं, दुसरं काही लागत नाही. एकदा मी चिडून म्हणालो, “शेठ, पाच मिनिटं गप्प बसाल तर आमचं आम्हाला कळेल.” ते मान डोलावून म्हणाले, “बराबर हाय,” आणि लगेच, “पण संत्र्याची साल येतीय बगा.” ह्या माणसाला गप्प बसवणारं औषध नाही, असं मी बायकोला कितीदा सांगितलं असेल.

तिसरी आमची ब्रुअर, म्हणजे टाक्यांमागे राहून बिअर बनवणारी. देवळ्याकडची मुलगी, घरी कांद्याची शेती. गावात तिचे वडील सांगतात की पोरगी पेयांच्या कंपनीत आहे, आणि त्यात खोटं काहीच नाही. ती मला काका म्हणते. तिची एक अडचण तिने मला फार पूर्वीच सांगून ठेवली होती. बिअर आंबत असताना मध्येच तिला लोण्यासारखा वास धरतो. आणखी चार-पाच दिवस ऊबेत राहू दिली तर यीस्ट स्वतःच तो वास खाऊन टाकतं. घाई करून टाकी गार केली तर तो तसाच मागे राहतो आणि बिअर बिघडते. आता गंमत अशी की काही माणसांना हा एक वास जन्मतःच येत नाही, आणि आमची ब्रुअर त्यातली. म्हणून टाकी गार करण्याआधी ती मला बोलवायची, छोट्या ग्लासात थोडी बिअर द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी हो म्हणालो की टाकी गार व्हायची. ह्या कामाचा मला कुठल्याही बढतीपेक्षा जास्त अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मला ताप आला, आठवडाभर सर्दी झाली आणि सर्दी गेली तेव्हा सोबत वासही घेऊन गेली. एका सकाळी मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो आणि शेजारी गॅसवर दूध जळून पातेलं काळं झालं. बायको धावत आली, आधी ओरडली, मग माझ्याकडे बघून एकदम थांबली. डॉक्टर म्हणाले, परत येईल, काही महिने लागतील. काहींचा येतो, काहींचा येत नाही. चहा म्हणजे गरम गोड पाणी झालं. बिअर म्हणजे कडू सोडा.

मी हे बायकोशिवाय कुणालाही सांगितलं नाही. लहान मुलासारखं वागलो, पण भीती खरी होती. कारखान्यातून घरी आणि घरातून कारखान्यात, एवढ्यावर माझं आयुष्य होतं. मित्र म्हणावेत असे हेच, रविवारचे. त्यांच्यात मी ‘नाक’ म्हणून बसलेलो. नाकच गेलं तर मी तिथे कोण, हा विचार मला सहन होत नव्हता. म्हणून मी नाटक सुरू केलं. रिकामा ग्लास नाकाला लावायचा, मान हलवायची, बिअर ओतून घ्यायची आणि शेठ बोलायची वाट बघायची. ते संत्र्याची साल म्हणाले की मी म्हणायचो, “हो, पण कोवळी साल.” त्यांनी गूळ म्हटलं की मी म्हणायचो, “गूळ खरा, पण काळपट.” ज्या बडबडीवर मी वर्षानुवर्षं वैतागलो, तिच्यावरच आता माझं पोट चाललं होतं. सुदैवाने त्या दिवसांत शेठ जास्तच बोलायला लागले होते. घोट घ्यायच्याही आधी, नुसता ग्लास नाकाजवळ नेऊन सुरुवात करायचे.

ब्रुअर टाकी तपासायला बोलवायची तेही रविवारीच, आणि शेठ मागोमाग येऊन माझ्याआधी बोलायचे, म्हणून तिथेही निभावलं. असे तीन महिने गेले. मग एका गुरुवारी ब्रुअरचा फोन आला. मालकांनी पहिल्यांदाच तिला तिच्या मनासारखी बिअर करू दिली होती. गव्हाची बिअर, त्यात धणे आणि संत्र्याची साल. “काका, शिफ्ट सुटल्यावर येऊन जाता का? तुम्ही हो म्हणालात तर आज टाकी गार करते. रविवारी सगळ्यांना देऊ.”

गुरुवारी शेठ लासलगावला लिलावात. माझ्याबरोबर कुणीच नव्हतं. तिने छोटा ग्लास हातात दिला. मी हुंगलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं, घोट घेतला, तोंडात फिरवला. ती माझ्याकडे बघत होती, एप्रनला हात पुसत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, “फर्स्ट क्लास.”

रविवारी सगळ्यांपुढे ग्लास आले. ती टेबलाशी उभी राहिली. मी शेठकडे बघितलं. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला, घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. बोलले काहीच नाहीत. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “वा, धणे काय सुरेख उतरलेत.”

फोटोवाला म्हणाला, “मला तर सिनेमाच्या इंटरव्हलसारखं वाटतंय. पॉपकॉर्न.” आणखी एकाने ग्लास बाजूला सरकवला. शेठ हळूच ब्रुअरला म्हणाले, “पोरी, ही टाकी आज बंद कर. लोणी ऱ्हायलंय हिच्यात.”

ती माझ्याकडे वळली. “पण काकांनी तर...”

“साहेबांना सर्दी आसंल त्या दिवशी,” शेठ म्हणाले. मग माझा दंड धरून मला बाहेर गाड्या लावतात तिथल्या कडुलिंबाखाली घेऊन गेले.

“नाक गेलंय ना तुमचं?” त्यांनी सरळ विचारलं. “मला ठावं हाय. दिवाळी झाल्यापासून ठावं हाय. तुमी ग्लास हुंगता अन् न भांडता ठिऊन घेता. एकदा तर त्याला इतका घाण वास व्हता का मला शेजारी बसून येत व्हता. तुमी मान हालवली. तवाच समजलो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमाला सांगायचं नव्हतं, मग मी कशाला बोलू? म्हणून तर आधी बोलायचो ना, साहेब. तुमाला धागा मिळावा म्हणून. गुरुवारी मी नव्हतो, तितं चुकलं.”

मी त्या झाडाखाली उभा राहून रडलो. गाडी काढणारं एक कुटुंब आमच्याकडे बघत होतं, शेठनी त्यांना हातानेच ‘जा, जा’ केलं. इतके महिने मी ह्या माणसाला वापरतोय असं मला वाटत होतं, आणि तो जाणूनबुजून मला पुरवत होता. ते म्हणाले की आत जाऊन त्यांनी सर्दीचंच सांगितलं तर कुणी काही विचारणार नाही. मी नको म्हणालो. पोरीची पहिली बिअर माझ्यामुळे बिघडली होती, निदान खरं तरी तिला माझ्याकडून कळायला हवं होतं.

ती टाक्यांजवळ खाली बसली होती. मी सगळं सांगितलं, जळलेल्या दुधापासून. ती म्हणाली, “काका, नाक गेलं असं म्हणाला असतात तरी मी तुम्हाला बोलावलं असतंच. शेठना फोन केला असता, तुम्ही दोघं आला असतात.” तिचा आवाज रागाचाच होता, आणि तो राग मला वाजवी वाटला. मालक तिला बरंच बोलले. मी पुढे होऊन चूक माझी आहे असं सांगितलं तेव्हा ते मलाही बोलले. टाकी पुन्हा ऊबेला ठेवली. तिच्यात यीस्ट शिल्लक होतं म्हणून बिअर वाचली. आठ दिवसांनी शेठनी घोट घेतला आणि लोणी गेल्याचं जाहीर करून पुढची दहा मिनिटं धण्यांवर बोलले. ती तेव्हा हसली. मी त्या आठ दिवसांत नीट झोपलो नव्हतो.

त्याच दिवशी तिने माझ्यापुढे स्टीलचा मसाल्याचा डबा ठेवला, आपल्या घरी असतो तसाच, सात वाट्यांचा. वाट्यांमध्ये मोहरी-हळदीऐवजी संत्र्याची साल, धणे, लवंग, माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेले सातू, बिअरला कडवट चव देणारी हॉप्सची फुलं, गूळ आणि वेलदोडा. “रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं. डॉक्टरही हेच सांगतात, मी विचारून आलेय,” ती म्हणाली. राग बहुधा पूर्ण गेला नव्हता, कारण तिने ते मास्तरणीसारखं सांगितलं.

मग रोज सकाळी सातला शेठचा फोन. “उघडा पयली वाटी. संत्र्याची साल. आता डोळे मिटा. तुमी पोरगं असताना साल पिळून कुणाच्या डोळ्यात उडवली व्हती का? तो वास.” मी रिकाम्या नाकाने हुंगायचो आणि ते लिलावाला निघेपर्यंत सात वाट्यांचं वर्णन करायचे. बायको चहा ठेवताना स्पीकरवर ऐकायची. माझ्याआधी तीच त्यांची चाहती झाली. मी कधी कंटाळून उद्या नको म्हटलं, तर ती परस्पर शेठना सांगायची की करा फोन, बसवते ह्यांना.

रविवारी मी जात राहिलो. माझी खुर्ची कुणी हलवली नाही. ‘नाक’ म्हणणंही कुणी बंद केलं नाही, उलट फोटोवाला ‘रजेवरचं नाक’ म्हणायला लागला. ज्यांच्या एकेका सवयीने माझं डोकं उठायचं, त्या माणसांनी मला काहीही न येता नुसतं बसू दिलं. ह्याचे उपकार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

श्रावण सरत आला होता. आठवडाभर ऊन नव्हतं, कपडे वाळत नव्हते. त्या रविवारी वेटरनी ग्लास मांडले आणि मी सवयीने माझा रिकामा ग्लास नाकाला लावला. लावला आणि तिथेच थांबलो. पुन्हा लावला. अगदी बारीक, लांबून आल्यासारखं, पण होतं.

शेठनी त्यांचा ग्लास हुंगला होता. ते तोंड वाकडं करून बोलायला लागणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उघडलेलं तोंड मिटलं. ब्रुअर टॅपशी उभी होती, तिनेही हात थांबवला.

“तुमी सांगा, साहेब,” शेठ म्हणाले. “मी नाय बोलत.”

“ओलं फडकं,” मी म्हणालो. “न वाळलेलं. कालचं असणार. आणि वरून भांड्यांचा साबण, लिंबाचा.”

वेटर घाईने पुढे आले. “माफ करा साहेब, बदलून आणतो.” त्यांनी ग्लासला हात घातला.

मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि म्हणालो, “ह्यातच ओता.”