सुएमात्सुची जीभ

नेमोरी गावात कुणाला कुणाचं कौतुक करायचंच झालं, तर ते सुएमात्सुच्या माघारी करावं लागे. त्याच्या देखत केलं की त्याची माती झालीच म्हणून समजा. शेजारच्या तोयोजीने हौसेने नवी बंदूक आणली, तेव्हा सुएमात्सुने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "छान आहे. काकडीचा वेल चढवायला काठी हवीच होती तुला." तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं, आजोबा, तुमचे गुडघे झिजलेत, फार तर हा एक वसंत डोंगर चढा, मग पुरे. त्यावर हा म्हणाला, "तुमचं टक्कल दिसतंय, मी काही बोललो का?"

आपल्याकडे ज्याच्या हातात बंदूक तो शिकारी. इथे नेमोरीत मात्र शिकारी एकच, टोळीचा म्होरक्या, बाकीची नुसती माणसं. तो म्होरक्या सुएमात्सु, आणि 'शिकारी' हा शब्द तो असा मिरवायचा, जणू तो त्याला आईच्या पोटातून मिळाला होता. आणि ती टोळी तरी काय! गेन्झोला एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याने ऐकायची त्याची इच्छा नव्हती. चढ लागला की तोयोजीच्या बुटाची नाडी न चुकता सुटायची. आणखी दोघे होते, पण ते आहेत हे अस्वलालाही कळत नाही, असं खुद्द त्यांचा शिकारीच म्हणायचा. बाकी तरुण पोरं शहरात गेली, ती नवीन वर्षाला मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, खाऊन जाण्यापुरती यायची.

डोंगर देवीचा. तिच्या घरात गावाची भाषा चालत नाही. तिथे अस्वलाला इताझू म्हणायचं, पाण्याला वाक्का, कुत्र्याला सेता. चुकून गावचा शब्द तोंडातून गेला, तर चुकणाऱ्याच्या डोक्यावर वितळत्या बर्फाचं पाणी ओतायचं, अंगातला गाव धुऊन निघेपर्यंत. देवी दिसायला वाईट, आणि हे तिला माहीत आहे. म्हणून शिकाऱ्याने अंगरख्याच्या आत एक वाळका ओकोझे मासा ठेवायचा. फुगीर डोळे, फाटकं तोंड, अंगभर काटे. आपल्याहून कुरूप कुणीतरी आहे हे पाहून देवी खूश होते आणि शिकार देते. सुएमात्सु तो मासा काढून दाखवायचा आणि वर म्हणायचा, "गेन्झो, तुझा भाऊ."

अशा माणसाकडे त्याची नात होनामी शिकार शिकायला आली. खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात ती नोकरी करायची. दिवसभर म्हातारे सांभाळायचे आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा म्हाताऱ्यांच्याच मागे डोंगर चढायचा, यावरून सुएमात्सुची बायको किसे हिने तिची पुष्कळ टर उडवली. "तिथले निदान दुपारी झोपतात तरी," ती म्हणाली. "आमचा हा झोपेतसुद्धा नावं ठेवतो."

टोळीने नाक मुरडलं. बाईमाणूस डोंगरात! देवी मत्सरी आहे, दुसरी बाई तिला खपत नाही.

सुएमात्सु म्हणाला, "इतकी वर्षं तुमची तोंडं खपवून घेतली तिने. तिला आता काहीही खपेल."

"बरं," गेन्झो म्हणाला. "पण एक शब्द, एकच शब्द गावचा निघाला पोरीच्या तोंडून, की तिने डोंगर सोडायचा. नुसतं पाणी ओतून भागायचं नाही."

इथे सुएमात्सुने गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं त्याने कधी शिकलंच नव्हतं. "पोरीनेच का?" तो गरजला. "जो चुकेल त्याने! डोकं भिजवायचं आणि खाली उतरायचं. या मोसमात पुन्हा वर पाय ठेवायचा नाही. आहे कबूल? का नाड्या बांधताय?"

झालं कबूल. होनामी चुकली की टोळीतलं एकमेव तरुण माणूस गेलं, हे त्या पाचही म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. हेका सोडण्यापेक्षा टोळी बुडालेली बरी, असली ही माणसं.

मग तो सबंध हिवाळा सुएमात्सुने नातीला पिळून काढलं. बीचच्या झाडाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे ताजे कुठले आणि गेल्या सालचे कुठले, हे बोटं फिरवून सांगायला लावलं. ओठ ओला करून वारा बघायला लावला. तिने चुकीचं उत्तर दिलं की म्हणायचा, "अस्वल तुला बघून हसून मरेल. तेवढीच गोळी वाचली." एक गोष्ट मात्र तो चेष्टा न करता शिकवायचा. अस्वल अंगावर आलं तर पळायचं नाही. पाय रोवायचे, काठी झाडावर हाणायची, ओरडायचं. पाठ दाखवली की तू खाणं झालीस.

जेवताना मध्येच पेला उचलून विचारायचा, "यात काय आहे?" पोरगी बेसावधपणे पाणी म्हणाली की तिने बाहेर अंगणात जाऊन मानेवर गार पाण्याचा एक डाव ओतून घ्यायचा. थंडीत तिचे ओठ निळे पडायचे. किसे चिडायची. सुएमात्सु म्हणायचा, "अंग वाळेल. शब्द वाळत नाही."

एकदा होनामी रानातल्या अळंब्या वाटायला बसली. आजोबांपुढे तिने थोडा मोठा ढीग सरकवला. तो ढीग त्याने हाताने विस्कटून टाकला.

"हे काय?"

"तुम्ही मोठे आहात, आजोबा."

"मोठा? म्हातारा म्हण ना. वाटा वयाला नसतो. बंदुकीलाही नसतो. जो वर होता त्याला वाटा, सगळ्यांना सारखा. जो वर नव्हता त्याला नाही, मग तो देवीचा नवरा का असेना. कळलं? का अळंबीपेक्षा डोकं मऊ आहे?"

पोरीने सगळे ढीग सारखे केले. ती ऐकून घ्यायची आणि लक्षात ठेवायची, ही तिची खोड सुएमात्सुला फार उशिरा कळली.

वसंत आला. बर्फ वरून टणक झाला, खालून ओढे वाजू लागले. टोळी डोंगरातल्या झोपडीत मुक्कामाला गेली. बंदूकवाले डोंगराच्या धारेवर बसले. खालून हाकारा घालायचं काम होनामी आणि तोयोजीचं. सुएमात्सु समोरच्या उतारावर उभा राहिला, कारण शिकाऱ्याने तिथून सगळं बघायचं असतं. हात वर करून कुणी कुठे सरकायचं ते सांगायचं असतं.

हाकारा चांगला चालला होता. होनामीचा आवाज खणखणीत होता. एवढं कौतुक सुएमात्सुच्या तोंडून कधी निघालं नसतं, पण त्याने मनात म्हटलं. मग अस्वल उठलं. ते धारेकडे चढायला हवं होतं. ते थांबलं, वळलं आणि तिरकं खाली निघालं, सरळ होनामीच्या अंगावर.

होनामीने पाय रोवले. काठी खोडावर हाणली, पुन्हा हाणली आणि ओरडली. पाठ दाखवली नाही.

आणि समोरच्या उतारावरून, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, नेमोरीचा शिकारी किंचाळला, "अस्वल! अस्वल, पोरी! पळ! पळ!"

त्या आवाजाने अस्वल बिचकलं, बाजूच्या घळीत शिरलं आणि गेलं. धारेवर गोळी झाडायची वेळच आली नाही.

सगळे ओढ्यापाशी जमले. कुणी कुणाकडे बघेना. सुएमात्सुने दोन्ही हात काखेत दाबले होते. पोरगी धडधाकट समोर उभी होती, केसात बर्फ, गालावर एक ओरखडा. तिला तिथल्या तिथे पोटाशी धरावं असं त्याला वाटत होतं. आणि त्याच वेळी तोंडातून निघालेला तो शब्द गिळून परत पोटात घालता आला असता तर, असंही वाटत होतं.

गेन्झोने घसा खाकरला. "वारा फार होता. मला तर काही ऐकू आलं नाही."

तोयोजी खाली वाकला आणि बांधलेली नाडी बांधू लागला. "मलाही नाही. हाकाऱ्याच्या गलक्यात काय ऐकू येणार?"

उरलेल्या दोघांनी आभाळाकडे बघितलं. पोरगी चुकली असती तर हेच लोक बादली घेऊन धावले असते. पण म्हाताऱ्याचा हा शेवटचा वसंत, शिवाय आपल्यातला माणूस. डोळेझाक करायला कुणालाच जड गेलं नाही. सर्वांत वाईट म्हणजे, सुएमात्सुलाही ते हवं होतं. त्याने मान खाली घातली आणि हातमोजे झटकू लागला. एवढी मोठी जीभ, पण कामाच्या वेळी नेमकी दाताआड.

"मला ऐकू आलं," होनामी म्हणाली.

"अगं, जाऊ दे ना," गेन्झो म्हणाला.

"मी बोलले असते तर जाऊ दिलं असतंत?" तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "सबंध हिवाळा माझी मान गारठली. यांचे दोन शब्द गेले आणि तुम्हा सगळ्यांना बहिरेपणा आला? गेन्झोसान, तुमचं एक वेळ समजू शकते. पण बाकीच्यांचे कान कधी गेले?"

तिने ओढ्यावरचा लाकडी डाव उचलला.

"शिकारी," ती म्हणाली, "वाक्का तयार आहे."

सुएमात्सुने वर बघितलं. तो भडकला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आपल्या हाताने शिकवलेली कार्टी आपल्याच मानेवर बसली. मग त्याने टोपी काढली आणि गुडघे कुरकुरत असताना बर्फात बसला. तिने पाणी ओतलं. हात आखडता घेतला नाही. डोक्यावरून, मानेवरून, पाठीत जाईपर्यंत ओतलं. त्याचे दात वाजू लागले.

तो उठला, बर्फावर चालायची वेताची पायताणं बांधली आणि वाटेला लागला. मागून तिची हाक आली.

"मासा."

तो थांबला.

"मासा ठेवून जा, आजोबा. खाली जाणाऱ्याच्या खिशात देवीच्या माशाचं काय काम?"

शिकारी म्हणाली नाही, आजोबा म्हणाली. त्याने अंगरख्यात हात घातला, इतकी वर्षं छातीशी ठेवलेला तो वाळका मासा काढला आणि गेन्झोच्या हातात दिला. "तुझा भाऊ," असं त्याला म्हणायचं होतं. पण दात इतके वाजत होते, की ते कुणालाच कळलं नाही.

घरी किसेने दार उघडलं आणि भिजलेला नवरा बघून ती त्याच्या मागे वाटेकडे बघू लागली. "पोरगी कुठे आहे? परत पाठवली?"

"वर आहे."

"मग तुम्ही खाली कसे?"

त्याने सांगितलं. किसे आधी ऐकत राहिली, मग हसायला लागली, मग बसून हसायला लागली, बाहीशी डोळे नेईपर्यंत. "अहो, तुमच्यामुळे जन्मभर गावाने गारठून घेतलं! आज कुठे पहिला डाव तुमच्या डोक्यावर पडला!"

"हस," सुएमात्सु म्हणाला. "लोणच्याच्या सुकलेल्या मुळ्यापेक्षाही मी कोरडा, असं वाटायचं ना तुला. बघ आता." आणि चुलीकडे तोंड करून बसला. त्या रागात एवढं सुख कुठून आलं हे त्याला कळेना, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो पाठ करून बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी होनामी खाली आली. त्यांना अस्वल मिळालं होतं. तिच्या पाठीवर पानात बांधलेला वाटा होता, ज्याने गोळी झाडली त्याच्याएवढाच. किसेने मुळा घालून रस्सा शिजवला. होनामीने वाडगे भरले. आजीला मांस, स्वतःला मांस. आजोबांच्या वाडग्यात नुसता मुळा आणि रस्सा. तिचा हात जरासुद्धा अडला नाही. डोळे मात्र भरून आले होते, ते तिने वाफेवर ढकललं.

किसेला राहवलं नाही. तिने आपल्या वाडग्यातला चांगला तुकडा उचलून नवऱ्याच्या वाडग्यात टाकला.

सुएमात्सुने तो तुकडा काड्यांनी उचलला, क्षणभर बघितला आणि होनामीच्या वाडग्यात ठेवला.

"मी वर नव्हतो," तो म्हणाला. मग त्याने मुळ्याचा घास घेतला, बराच वेळ चावला आणि तोंड वाकडं केलं. "कच्चा आहे."

आणि वाडगा रिकामा करून पुन्हा पुढे केला.