भिंतीवरच्या रेघा

लग्न होऊन मी सिंदेवाहीजवळच्या त्या गावी गेले, तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. माझे सासरे रात्री अंगणात बसून आभाळ ऐकत. थंडीची बदकं उत्तरेकडून अंधारात शिट्ट्या घालत यायची. थवा गेला की सासरे भिंतीवर कोळशाची रेघ ओढत. लागोपाठ तीन रात्री रेघा पडल्या की चौथ्या सकाळी माणसं दाराशी विचारायला येत, आणि पाऊस संपला, धान पिकत आलं असं धरून सारं गाव धानाच्या बांध्यांतलं, म्हणजे खाचरांतलं, पाणी सोडी.

त्या साली आश्विनात त्यांनी मला हळूच बोलावलं. "बाई, मले आता आयकू येत नाई. कोणाले सांगू नको. तू आयक, मी रेघ ओढतो."

मी कसली ऐकणारी! माहेरी उशाशी ढोल वाजला तरी माझी झोप मोडत नसे. पण सासऱ्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. तीन रात्री मला बारीक शिट्ट्या ऐकू आल्या, तीन रेघा पडल्या. चौथ्या सकाळी गावानं बांध फोडले.

त्याच संध्याकाळी बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, भांडी घासताना तीच शिट्टी कानावर आली. वर पाहिलं तर अडया, आमच्याच बोडीतली बारमाही बदकं, पाण्यावर घिरट्या घालत होती. भारी धान, उशिरा पिकणारं, अजून दुधात होतं आणि पाणी नाल्याला लागलं होतं. सांगावं तर सासऱ्यांचं गुपित फुटणार, न सांगावं तर गावाचं धान वाळणार.

शेवटी जेवणानंतर ओट्याशी उभी राहून हळू आवाजात सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मोठ्यानं बोलावं तर शेजारी ऐकतील. मी रडकुंडीला आले आणि ओरडलेच, "मामाजी, माझं चुकलं! अडया होत्या!"

ते तसेच उठले, काठी घेऊन घरोघर गेले. "बांध बुजवा गा! माहे कान गेले, मीच चुकलो." माझं नाव त्यांनी काढलं नाही. बरंचसं पाणी वाचलं, पण खालच्या दोन बांध्यांत पोचट धान झालं.

पुढच्या आश्विनात शिट्ट्या डोक्यावरून थेट दक्षिणेला गेल्या, बोडीवर घुटमळल्या नाहीत. मी त्यांच्यासमोर कोळसा ठेवला. त्यांनी रेघ ओढली. दुसऱ्या रात्री ओढली, तिसऱ्या रात्रीही. चौथ्या सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते दाराशी बसले.

दुपारपर्यंत विचारायला कोणी आलं नाही.